९९ पर्सेंटाइलला व्हीजेटीआय मिळेल का?

इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजबद्दल हा प्रश्न हमखास येतो. कॉम्प्युटर हवं असेल आणि सीट ओपनची असेल, तर उत्तर सरळ आहे: नाही.

साधा हिशोब करू. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला चार लाखांच्या आसपास मुलं बसतात. एक पर्सेंटाइल म्हणजे चार हजार मुलं. ९९ वाल्याच्या पुढे साधारण चार हजार जण असतात, ९९.५ वाल्याच्या पुढे दोन हजार, ९९.९ वाल्याच्या पुढे चारशे. व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर ओपनला ९९.८ च्या वरच बंद होतं. तिथलंच टेक्स्टाइल मात्र बरंच खाली येतं. त्यामुळे 'कॉलेजचा कटऑफ' असं काही नसतंच, कटऑफ असतो तो ब्रँचचा.

परीक्षा अनेक शिफ्टमध्ये होते आणि पर्सेंटाइल तुमच्या शिफ्टपुरता काढलेला असतो. सीट मिळते ती मेरिट नंबरवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र यादीतल्या क्रमांकावर. दोघांचा पर्सेंटाइल सारखा असेल तर आधी गणिताचा पर्सेंटाइल बघतात. मागच्या वर्षीशी तुलना करतानाही मेरिट नंबरच धरा, कारण बसणाऱ्यांची संख्या वाढली की त्याच पर्सेंटाइलला पुढे जास्त मुलं असतात. कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राउंडच्या कटऑफ पीडीएफमध्ये प्रत्येक रकान्यात वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल असतो. बहुतेक पालक फक्त कंसातला आकडा वाचतात.

रकान्यांची नावंही नीट बघा. GOPENH मधला शेवटचा H होम युनिव्हर्सिटीचा; शेवटी O असेल तर बाहेरच्यांचा, S असेल तर राज्यपातळीचा. सुरुवातीला L असेल तर ती मुलींची सीट. होम युनिव्हर्सिटी ठरते बारावी जिथून पास झालात त्यावरून, आधार कार्डावरच्या पत्त्यावरून नाही. दादरच्या मुलाने बारावी लातूरहून केली असेल, तर मुंबईच्या खासगी कॉलेजांत H चा रकाना त्याच्या कामाचा नाही. मायनॉरिटी कॉलेजांचं गणित आणखी वेगळं. डी. जे. संघवीत गुजराती, व्हीईएसआयटीत सिंधी कोटा आहे, त्यामुळे बाकीच्यांसाठी सीट्स निम्म्याहून कमी उरतात. टीएफडब्ल्यूएस या फी-माफी योजनेत ट्यूशन फी माफ असते, पण सीट्स जेमतेम पाच टक्के. त्याचा कटऑफ बहुधा ओपनच्याही वर जातो आणि त्याचा चॉइस कोड वेगळा भरावा लागतो.

पहिल्या राउंडचा आकडा बघून हातपाय गाळू नका. आयआयटी-एनआयटीला जाणारी मुलं सीट सोडतात आणि पुढच्या राउंडला यादी थोडी खाली सरकते. किती, ते मागच्या वर्षीच्या सगळ्या राउंडच्या पीडीएफ शेजारी ठेवूनच कळतं. क्लासवाल्यांच्या 'सेफ कॉलेज' याद्यांपेक्षा हे दोन तासांचं काम भरवशाचं.

ऑप्शन फॉर्मचा क्रम मात्र जपून लावा. २०२५ च्या नियमांप्रमाणे पहिल्या राउंडला पहिला पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की, पुढे बदलता येत नाही; दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी कुठलाही मिळाला तरी तसंच. म्हणजे 'असू दे' म्हणून वर टाकलेलं कॉलेज गळ्यात पडतं. खरोखर हवं तेच वर लिहा, मिळेल की नाही याचा विचार न करता. आवाक्याबाहेरचा पर्याय वर टाकल्याने खालचा पर्याय हातचा जात नाही.

आणि ओबीसीसारख्या आरक्षित गटात असाल तर नॉन क्रिमीलेअर दाखला निकालाआधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते, आणि कागद वेळेत आला नाही तर थेट ओपनमध्ये मोजतात.