पॅरिसला जाऊन आलो (फ्रान्सचं नाही!)

वेल्सच्या उत्तरेला अँगलसी बेट आहे, तिथे अ‍ॅम्लुख गावाच्या डोक्यावर पॅरिस माउंटन. डोंगरावर गवत जवळपास नाहीच, नुसते जांभळे, नारिंगी, पिवळे दगड, कुणी हळदकुंकवाची पोती फोडल्यासारखे. वारा इतका की बायकोने वर पोचायच्या आधीच "तुझ्या छंदापायी" सुरू केलं.

छंद म्हणजे जुनी नाणी. खिशात होती ऑनलाइन घेतलेली, झिजलेली पेनी, आणि ती राजाची नाही, ह्या डोंगरातल्या खाणीची! 1768 ला इथे तांब्याचं मोठं घबाड लागलं, पुढे थॉमस विल्यम्स नावाचा वकील त्या धंद्याचा सर्वेसर्वा झाला. तेव्हा ब्रिटनमध्ये सुट्या पैशांची बोंब होती, 1775 नंतर सरकारी टांकसाळीने तांब्याची नाणी पाडणंच बंद केलेलं, बाजारात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट आणि कामगारांना पगार द्यायचा कशात? विल्यम्सने विचार केला असणार, तांबं घरचंच आहे की. 1787 पासून खाणीने स्वतःच्या पेनी पाडल्या.

एका बाजूला दाढीवाला ड्रुइड (तिकडचा प्राचीन काळचा पुजारी), भोवती ओकच्या पानांची माळ, दुसरीकडे कंपनीची अक्षरं आणि 'धारकास एक पेनी देण्याचे वचन', आपल्या नोटेवर असतं ना तसंच. मला सगळ्यात भारी वाटली ती कड, तिथे बारीक अक्षरात कोरलंय की मागाल तेव्हा लंडन, लिव्हरपूल किंवा अँगलसीत पैसे मिळतील. आणि वजन पूर्ण एक औंस (साधारण 28 ग्रॅम)! 16 औंसांचा एक पाउंड, म्हणजे पाउंडभर वजनाच्या तांब्यात 16 पेनी, सरकार तेवढ्यात 23 पेनी किमतीची नाणी काढायचं. खाजगी नाणं सरकारीपेक्षा वजनदार, मग लोक घेणारच ना. सरकारला जाग आली 1797 ला, बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनकडून पेनी पाडून घेतल्या, त्याही एकेक औंसाच्याच. (ह्याच बोल्टनच्या कारखान्यातून 1791 ला मुंबई इलाख्याचे तराजूवाले पैसे आले होते, ते मात्र माझ्याकडे अजून नाहीत, कुणाकडे असतील तर कळवा.)

खाली उतरून गावात चहा प्यायलो. बिल आल्यावर बायको म्हणाली, "अँगलसीतच आहोत, वटव की ती पेनी." काउंटरवर ठेवली. मावशींनी उलटीपालटी करून बघितली, हसल्या आणि कार्ड मशीन पुढे केलं.