वाकडा ग्लास

परवा दुपारी मुंबईहून पुण्याला येताना गाडी घाटात मंकी हिलच्या जवळ सिग्नलला थांबली. घाटात गाडी थांबली की सगळ्यांना एकदम गप्पा सुचतात, माझं लक्ष मात्र समोरच्या ट्रेवरच्या चहाकडे गेलं. ग्लासात चहा एका बाजूला वर आणि एका बाजूला खाली, अगदी तीनचार मिलिमीटरचा फरक, पण डोळ्याला कळत होता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, कलंडेल तो." म्हटलं, काकू, चहा बरोबर आहे, ग्लास वाकडाय. त्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

पण खरंच तसं होतं. वळणावर बाहेरचा रूळ उचलून ठेवलेला असतो, कँट म्हणतात त्याला, पण तो हिशोब पळत्या गाडीचा. गाडी उभी राहिली की अख्खा डबा आतल्या अंगाला कलून उभा. त्यात हा बोरघाट, चढ सदतीसला एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. त्यामुळे ग्लास आडवाही कललेला आणि उभाही. सिव्हिलच्या डिप्लोमाला दोन वेगवेगळे धडे होते, हॉरिझॉन्टल कर्व्ह म्हणजे आडवं वळण आणि व्हर्टिकल कर्व्ह म्हणजे चढउताराचं उभं वळण, इथे दोन्ही एका दहा रुपयांच्या चहात. आणि याच घाटात 1863 साली लाइन सुरू झाली तेव्हा एके ठिकाणी वळायलाच जागा नव्हती, मग काय केलं, तर गाडी एका टोकाला न्यायची, थांबवायची आणि उलट्या दिशेने पुढचा चढ चढवायची. ते रिव्हर्सिंग स्टेशन 1929 पर्यंत चाललं. मला हा उपाय फार आवडतो. वळता येत नाही ना, मग पाठ फिरवा.

हे सगळं वेड मामाचं. मामा रेल्वेत पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांची देखभाल बघणारा, होता, एका आडबाजूच्या स्टेशनावर, आणि मे महिन्यात आम्ही तिकडे पडीक. सकाळी ऊन चढायच्या आत तो कर्व्ह मोजायला निघायचा आणि मी मागे लागायचे. रुळावर दर दहा मीटरला रंगाची खूण. वीस मीटरची नायलॉनची दोरी, एक टोक या खुणेवर, दुसरं पुढचीच्या पुढच्या खुणेवर, बाहेरच्या रुळाच्या आतल्या कडेला घट्ट ताणून धरायची आणि बरोब्बर मधल्या खुणेवर पट्टी लावून दोरी आणि रुळातलं अंतर बघायचं. या अंतराला म्हणतात वर्साइन. पट्टीवाला आकडा ओरडणार, मामा वहीत लिहिणार. दोरीचं एक टोक मुकादमांकडे आणि दुसरं कधीकधी, मामाचा मूड असला तर, माझ्याकडे. रूळ तेव्हाच तापायला लागलेला असायचा, बोटांना ऑइलचा वास दुपारपर्यंत राहायचा.

सरळ लाइन संपून वळण सुरू व्हायचं तिथे आकडे यायचे, मिलिमीटरमध्ये, सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस... मला वाटायचं हे लोक पाढे म्हणतायत! बरोब्बर सातचा नसायचा, मधेच तेवीस यायचा, पण चाल पाढ्याचीच. सत्तरपर्यंत चढायचं आणि मग कितीतरी वेळ सत्तर, एकाहत्तर, सत्तर, सत्तर. तो गोल भाग. मधेच एखादा ब्याऐंशी आला की मामा पेन्सिल थांबवायचा, मुकादम मान हलवायचे, आणि नंतर गँग पहारी लावून तेवढाच रूळ आत सरकवायची. पुढे कॉलेजात ट्रान्झिशन कर्व्ह, म्हणजे सरळ लाइन आणि गोल भाग जोडणारा तुकडा, शिकवला तेव्हा अख्खा वर्ग फॉर्म्युला उतरवून घेत होता आणि मी म्हणतेय, अरे हा तर सातचा पाढा.

कर्व्ह आखणं मात्र मला कधी जमलं नाही. थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, घेऊन कॉलेजच्या ग्राउंडवर खुंट्या ठोकायच्या, शेवटची खुंटी वळण संपून सरळ रेषा लागते त्या टॅन्जंट पॉइंटवर पडायला पाहिजे, आमची क्रिकेटच्या पिचवर पडली. मैत्रिणीने ती पायाने हळूच सरकवली. सरांनी बघितलं आणि काहीच बोलले नाहीत, जे जास्त वाईट होतं.

आणि उभी वळणं म्हणजे बाबांची स्कूटर. गावाबाहेर एक जुना कमानीचा पूल होता, त्याच्या माथ्यावरून स्कूटर उतरायला लागली की पोटात काहीतरी हलायचं, आम्ही मुद्दाम "बाबा जोरात" म्हणायचो. आता कळतं की चढ एकदम संपून उतार लागत होता. रस्त्यावर तिथे पॅराबोला नावाचा वक्र देतात, चढाचा उतार होताना कल सगळीकडे सारख्या मापाने बदलत गेला पाहिजे, आणि तो वक्र किती लांब ठेवायचा ते दिसण्यावर ठरतं. ड्रायव्हरचा डोळा जमिनीपासून 1.2 मीटरवर आणि समोरची वस्तू 15 सेंटीमीटर उंच धरायची, ती त्याला ब्रेक लागेपर्यंतच्या अंतरात दिसलीच पाहिजे. 15 सेंटीमीटर म्हणजे रस्त्यात झोपलेलं कुत्रं. कुणीतरी ऑफिसात बसून त्या कुत्र्याचा विचार केलाय याचं मला बरं वाटतं. आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरचा विचार कुणी केलेला नाही, त्याबद्दल बोलायला नको, माझी कंबर बोलते.

रुळांवर तसं नसतं. गाडीला वेळेत ब्रेक लागतच नाही, त्यामुळे माणसालाच दिसलं पाहिजे, आणि वळणावर दिसत नाही. म्हणून मोजणी चालू असताना वळणापलीकडे एक जण शिट्टी आणि लाल झेंडी घेऊन उभा असायचा.

आठवीच्या सुट्टीत गेले तेव्हा दोरीच्या टोकाला दुसराच माणूस होता. मी विचारलं, मुकादम कुठेत. मामा वहीतच बघत होता. म्हणाला, "पावसाळ्यात गेले. वळणावर. एकटेच होते, गाडी दिसली नाही." मग दोरी ताणली गेली, पट्टीवाला वाकला.

"सत्तर," तो ओरडला, आणि मामाने लिहिलं.