दुधाच्या वहीतल्या कळा

परवा रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन आला. तिला गरोदरपणाचा 28वा आठवडा चालू आहे. "ताई, संध्याकाळपासून पोट सारखं कडक होतंय. पण गेल्या आठवड्यात दवाखान्यात जाऊन आले तेव्हा काहीच निघालं नव्हतं. आता परत गेले तर काय म्हणतील गं?"

मी म्हटलं, आधी गाडी काढायला सांग, मग बोलू.

तीन वर्षांपूर्वी मी हाच प्रश्न स्वतःला रोज विचारत होते. माझ्या मुदतीआधीच्या कळा 29व्या आठवड्यात सुरू झाल्या. ऑफिसात व्हाउचरं लावत बसले होते, आणि पोट एकदम गोळा होऊन दगडासारखं झालं. दुखलं नाही. अर्ध्या-पाऊण मिनिटाने सैल पडलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. रात्री जेवायला बसेपर्यंत किती वेळा झालं ते मोजायचंही सोडून दिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "खोट्या कळा असतील, मलाही यायच्या." तशा त्या बहुतेकींना येतात. दिवसभर उभं राहिलं, पाणी कमी प्यायलं, लघवी धरून ठेवली तरी येतात, आणि कूस बदलली, आराम केला की थांबतात. माझ्या थांबत नव्हत्या.

पहिल्यांदा गेलो तिथे तपासून घरी पाठवलं. त्याचं मला काही वाटलं नाही. पण ड्युटीवरच्या सिस्टर बाकीच्या बायकांसमोर म्हणाल्या, "पहिलटकरणी अशाच घाबरतात." ते वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं की 31व्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं तेव्हा मी दुपारपासून रात्रीपर्यंत कुणालाच सांगितलं नाही. कंबर भरून आली होती, पाळीत येतं तसं ओटीपोटात ओढल्यासारखं होत होतं, तरी मी भाकऱ्या थापत होते. शेवटी मला ओट्याला धरून वाकलेलं सासूबाईंनी पाहिलं.

वाईहून सातारा पस्तीसेक किलोमीटर. पाचवडला हायवेला लागेपर्यंतचा प्रत्येक स्पीडब्रेकर मला आजही आठवतो. तिथल्या डॉक्टरांनी आतून सोनोग्राफी केली. गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी 21 मिलिमीटर भरली. 25च्या खाली गेली की मुदतीआधी प्रसूतीचा धोका म्हणून डॉक्टर सावध होतात. लगेच दाखल करून घेतलं. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं, 24 तासांच्या अंतराने. ती लागू पडेपर्यंत कळा थोपवायला निफेडिपिनच्या गोळ्या. त्यांनी डोकं ठणकायचं, चेहरा तापल्यासारखा लाल व्हायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "या गोळ्या आपल्याला दोन दिवस मिळवून देतील, दोन महिने नाही. पण ते दोन दिवस फार मोलाचे आहेत." मी दुपारी बोलले असते तर त्यात आणखी काही तास मिळाले असते, हे मला अजून टोचतं.

सुदैवाने कळा मंदावल्या. पाचव्या दिवशी घरी सोडलं. सोडताना तिथल्या एका वयस्क सिस्टरनी माझा हात धरून माझ्याच चेहऱ्यावर फिरवला. "नाकाचा शेंडा दाब. पोट एवढंच लागलं तर कळ हलकी. हनुवटीएवढं लागलं तर मध्यम. कपाळासारखं लागलं तर जोराची." मग माझी बोटं पोटाच्या वरच्या भागावर टेकवून मला थांबायला लावलं. बोटांखाली पोट हळूहळू घट्ट होत गेलं, हनुवटीपाशी थांबलं, सैल झालं. इतके दिवस मला नुसती भीती वाटत होती. त्या मिनिटात पहिल्यांदा कळलं की हे हाताने तपासताही येतं.

घरी सासूबाईंनी दुधाची वही काढली. डाव्या पानावर म्हैस 1 लीटर, गाय अर्धा. उजव्या पानावर माझ्या कळा: 4.10, 4.22, 4.41. एक कळ सुरू झाली की पुढची सुरू होईपर्यंतचं अंतर. डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं: लघवीला जाऊन यायचं, दोन ग्लास पाणी प्यायचं, डाव्या कुशीवर पडायचं आणि तासभर मोजायचं. तासात चारपेक्षा जास्त झाल्या की फोन. पाणी गेलं, अंगावरून लाल गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर मोजत बसायचं नाही, थेट निघायचं.

शेजारच्या काकूंनी पलंगाच्या पायथ्याला विटा लावून पडूनच राहायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी विटा काढायला लावल्या. सतत पडून राहिल्याने प्रसूती लांबते असं दिसलेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते, असं त्या म्हणाल्या. त्यामुळे घरात हिंडायची मुभा होती. जड उचलणं, जिने आणि प्रवास बंद. पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत, पण माहेरी बार्शीपर्यंतचा प्रवास कोण करू देणार? आईच इकडे आली. डोहाळजेवण घरातच, पाच बायकांत झालं.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक सांगते, मला ते उशिरा कळलं. कायद्यानुसार पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे आणि त्यातले 8 आठवडे आधी घेता येतात. शिवाय गरोदरपणामुळे आजारपण आलं किंवा बाळ मुदतीआधी झालं, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळू शकते. एचआरला नीट लेखी अर्ज द्या.

त्यानंतर आम्ही साताऱ्याला आणखी तीनदा गेलो. तिन्ही वेळा एनएसटी, म्हणजे पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके नोंदवायची तपासणी, करून परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी डॉक्टरांची माफी मागायला लागले, तर त्या म्हणाल्या, "कळा खऱ्या की खोट्या हे ठरवायचं काम माझं आहे. तुमचं काम फक्त यायचं."

मुलगी 36 आठवडे 5 दिवसांनी झाली. 2 किलो 400 ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवावं लागलं नाही.

मावसबहिणीचा पहाटे मेसेज आला. लघवीत इन्फेक्शन निघालं, औषधं सुरू झाली, कळांमधलं अंतर वाढलंय. दोन दिवस ठेवून घेणार आहेत. मी तिला वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला. शेवटची नोंद सासूबाईंच्या अक्षरात आहे, रात्री 2.50, आणि पुढे एकच शब्द: निघालो. त्याखाली दुसऱ्या दिवशीचं दूध लिहायचं राहून गेलंय.