उंदराच्या अंडपेशी डिशमध्ये पिकवताना

जळगावात मे महिन्यात उंदरांवर काम करायचं म्हणजे आधी एसीची काळजी, मग संशोधनाची. प्राणी नीतिसमितीच्या परवानगीचं पुराण सांगत बसत नाही. अर्ज वेळ खातात, पण मिळते.

कोवळ्या मादीला पीएमएसजी या हार्मोनचं 5 आययूचं (आंतरराष्ट्रीय एककांचं) इंजेक्शन दिलं की साधारण 46 तासांनी अंडाशयावर पुटिका, म्हणजे अंडपेशी जिच्यात वाढते त्या पिशव्या, टरारून फुगलेल्या दिसतात. अंडाशय कोमट एम2 माध्यमात (पेशी हाताळायच्या द्रवात) घ्यायचं आणि बारीक सुईने एकेक पुटिका टोचायची. शिपाईकाका मागे येऊन विचारायचे, "काय वं बाई, उंदीर कधी अंडा देस का?" शेवटी त्यांनाच मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितला: काचेसारखी गोल पेशी, आत फिकट केंद्रक आणि त्यात एक ठसठशीत ठिपका. मग रोज डोकवायला लागले.

अंडपेशी पक्व करायला तिला काही खाऊपिऊ घालावं लागत असेल असं वाटतं. खरं तर पुटिकेतल्या पेशींनीच तिला रोखून धरलेलं असतं. बाहेर काढली की ती आपली आपण पुढे निघते. पिंकस आणि एन्झमान या संशोधकांनी 1935 सालीच सशाच्या अंडपेशींत हे दाखवलं होतं. त्यामुळे माझी निम्मी धडपड तिला थोपवण्याचीच. गोळा करताना माध्यमात मिलरिनोन हे तिला रोखून धरणारं औषध, सगळ्या जमल्या की ते धुऊन काढून एकदम 37 अंशांच्या इनक्युबेटरमध्ये. दोन-तीन तासांत केंद्रक दिसेनासं होतं आणि 14-16 तासांत काठाशी इवलीशी पोलर बॉडी, म्हणजे अंडपेशी विभागताना बाहेर टाकते ती छोटी पेशी, सुटते. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी जेवायचंच विसरले. अर्थात ती दिसली म्हणजे काम फत्ते असंही नाही. केंद्रकाची तयारी झाली तरी पेशीद्रव्य कच्चंच राहिलेलं असू शकतं.

उकाड्याने पेशी भाजतील, अशी भीती सगळ्यांना. मला धास्ती एसीच्या झोताची. डिश गार पडली की पक्व पेशीतला स्पिंडल, म्हणजे गुणसूत्रं धरून ठेवणारा धाग्यांचा सांगाडा, मोडतो. म्हणून झोत भिंतीकडे वळवला आणि डिशखाली वॉर्म स्टेज ठेवला. पेशी ज्या माध्यमाच्या थेंबांत ठेवतो, त्यांच्यावर मिनरल ऑइलचा थर होताच, नाहीतर इथल्या कोरड्या हवेत एवढ्याशा थेंबातलं पाणी उडायला कितीसा वेळ लागतो! लाइट गेली की इनव्हर्टर, आणि इनक्युबेटरच्या दाराला कुणी हात लावायचा नाही.

अगदी सुरुवातीच्या पुटिकांपासून अंडपेशी वाढवायची, हा आणखी लांबचा पल्ला. 1996 साली अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत अशा अंडपेशीपासून जिवंत उंदीर जन्मला. आमच्याकडे इतके दिवस सलग लाइट राहिली, तर मीही हात घालीन.