पिशवीचं तोंड

२०२३ चा दसरा तोंडावर आला होता. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी उरकायची, म्हणून आशाताईंनी पंधरा-वीस जणी उपकेंद्रात गोळा केल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो, वाढायला दहा-पंधरा वर्षं घेतो, म्हणून वेळेत सापडतो. तिशीनंतर दर पाच वर्षांनी तपासून घ्यायचं.

मागून एकजण म्हणाली, "मला कशाला सांगता, म्याडम? माझी पिशवी कवाच काढली. न्हाईतर क्यान्सर व्हईल म्हनला डाक्टर."

"काय त्रास होत होता, ताई?"

"अंगावरून पांढरं जायचं. धा वर्षं झाली. पंचविशीत आसंन मी."

आणखी तिघींनी माना डोलावल्या. माझं भाषण तिथंच संपलं. कॅन्सर हा शब्द यांच्यापर्यंत माझ्या आधी पोचला होता, आणि तोही ऑपरेशनच्या बिलासकट. त्यात पाळी गेली की फडावर खाडा नाही, मुकादमाचा दंड नाही. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेल्या घरात हा हिशोब कोण नाकारणार? पांढरं जाणं बहुतेकदा साध्या जंतुसंसर्गाचं असतं, गोळ्यांनी बरं होतं, हे त्या दिवशी सांगताना मलाच अवघडल्यासारखं झालं.

ऑपरेशनचे कागद तिच्याकडे नव्हते, म्हणून तिलाही टेबलावर घेतलं. आत पाहायचा चिमटा, स्पेक्युलम, लावला आणि समोर गर्भाशयमुख दिसलं. वरची पिशवी काढलेली, तोंड तसंच. म्हणजे ज्या कॅन्सरची भीती घातली, तो जिथं होतो तो भाग आतच होता. ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावला, मिनिटभर थांबले. दोष असेल तर पांढरा डाग उठतो. तो उठला नाही.

तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मग काढलं काय त्यानं?"

बाहेर तिची बारा वर्षांची मुलगी होती. एचपीव्हीची लस द्यायचं हेच वय. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक त्याच वर्षी बाजारात आली होती, पण माझ्या फ्रीजमध्ये नव्हती आणि विकत घेणं तिला परवडणारं नव्हतं. ते मी तसंच सांगून टाकलं.

निघताना ती म्हणाली, "कागदावर ल्हून द्या. तिकडं कुनी परत काप म्हनलं तर दावीन."

मी लिहिलं: गर्भाशयमुख शाबूत, आज तपासणीत दोष नाही, पाच वर्षांनी पुन्हा. मुलीनं दारातच ते मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं दोनदा वाचायला लावलं आणि घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवलं.