शिमग्यात देव घरी येतो

देवाला भेटायला आपण जातो. पंढरपूर असो, तुळजापूर असो, रांग धरायची, पायरीवर डोकं टेकायचं आणि परत फिरायचं. कोकणातल्या शिमग्यात मात्र देवच निघतो. फाल्गुनात ग्रामदेवता देऊळ सोडते आणि गावातल्या घराघरात जाते. कोकणातले मित्र हे नेहमी सांगायचे. यंदा लांजा तालुक्यातल्या एका मित्राच्या गावी जाऊन ते डोळ्यांनी पाहिलं.

रत्नागिरीला गाडीतून उतरलो आणि हातखंबा, पालीमार्गे लांज्याला जाणारी एसटी धरली. बस चाकरमान्यांनी गच्च भरलेली. मुंबईहून आलेल्या या माणसांच्या तोंडी एकच विषय होता: आमच्या वाडीत पालखी कधी, तुमच्याकडे कधी. गणपतीला आणि शिमग्याला कोकणी माणूस रजा मागत नाही, घेतोच, असं म्हणतात. गणपती घरचा, पण शिमगा गावाचा. पालखीला खांदा लागतो आणि खांदे मुंबईत असतात, त्यामुळे यावंच लागतं.

बाहेरच्यांना शिमगा म्हणजे होळी आणि दुसऱ्या दिवशीचं रंग खेळणं एवढंच वाटतं. इथे तो फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाक पंचमीला सुरू होतो. त्या दिवसापासून रोज रात्री लहान होळी पेटते आणि देवाच्या नावाने फाका, म्हणजे आरोळ्या, घातल्या जातात. मोठी होळी काही गावांत त्रयोदशीला असते, तिथले ते तेरसे शिमगे. बाकीच्या गावांत पौर्णिमेला. होलिका आणि प्रल्हादाची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, पण गावात तिचा फारसा उच्चार होत नाही. इथे सगळं चालतं ते ग्रामदेवतेभोवती. भात कधीच घरात आलेलं असतं, पुढच्या पेरणीला अवकाश असतो, आंबा-काजू झाडावर दिसू लागलेले असतात. वर्षभर राखण करणाऱ्या देवीला या मोकळ्या दिवसांत गाव बाहेर काढतं.

मोठ्या होळीच्या आदल्या रात्री देवळात रूपं लावताना बसायला मिळालं. रूपं म्हणजे देवतांचे धातूचे मुखवटे. एरवी ते पेटीत असतात. गुरवाने एकेक रूप काढलं, पुसलं, मानकऱ्यांच्या समोर पालखीत बसवलं. या पालखीत नवलाई, पावणाई आणि केदारलिंग हे गावचे देव एकत्र निघतात. मग साड्या नेसवल्या, दागिने घातले आणि शेवटी सुरंगीचे वळेसर, म्हणजे गजरे, आले. हे फूल याच दिवसांत फुलतं. त्याचा वास इतका दाट की गाभाऱ्यातला धूपही मागे पडला. ज्या मुखवट्यांकडे संध्याकाळी मी लांबून पाहत होतो, त्यांना वस्त्रं आणि फुलं चढल्यावर समोर कोणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं, आणि आपोआप आवाज खाली आला.

होळीचं झाड आंब्याचं होतं. गावोगावी हे झाड वेगळं, कुठे सुरमाड, कुठे पोफळ, कुठे शेवर. आधी त्याची पूजा होते, गाऱ्हाणं, म्हणजे देवाला सगळ्यांसमोर विनवणी, घातलं जातं, मगच कुऱ्हाड लागते. अख्खं झाड खांद्यावर घेऊन पोरं फाका घालत अनवाणी निघाली, आणि दोर-बांबूंच्या आधाराने ते उभं राहिलं तेव्हा ढोलांच्या आवाजात बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पहाटे होम लागला, म्हणजे होळी पेटली. वर्षभरात लग्न झालेल्या जोडप्यांनी त्यात नारळ वाहिले.

त्यानंतर पालखी घराघरात निघाली, आणि मी ज्यासाठी गेलो होतो ते सुरू झालं.

मित्राच्या आईने खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, सारवून ठेवलं होतं. गडग्यापासून, म्हणजे दगडी कुंपणापासून, ओसरीपर्यंत रांगोळी, दाराला आंब्याच्या डहाळ्या. सकाळपासून काकूंची नजर पाणंदीकडे. लांबून ढोल ऐकू आला की त्या आत जाऊन ओटीचं ताट पुन्हा पाहून यायच्या: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. लेक सासरहून यायची असली की घरात जी लगबग असते, तीच होती. कोकणात देवीला माहेरवाशीण मानतात हे मी वाचलं होतं, पण त्या ताटाकडे त्या ज्या काळजीने बघत होत्या, त्यातून मला ते जास्त कळलं.

पालखी खळ्यात आली, नाचली, पाटावर बसली. खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घातलं गेलं. काकूंनी ओटी भरली. मग घरच्या वतीने गाऱ्हाणं: वर्षाचा मान पायाशी ठेवलाय तो गोड मानून घे, लेकरं परमुलखात आहेत त्यांच्या पाठीशी राहा, कामाधंद्याला यश दे, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घाल. प्रत्येक मागणीनंतर सगळ्यांच्या तोंडून एकच, "व्हय म्हाराजा!" एका घराचं मागणं, पण होकार भरायला सारी वाडी. माझ्या मते शिमग्याचं मर्म इथे आहे. देवळात माणूस एकटा मागतो. इथे घरात काय हवंय, कोणाला बरं नाही, कोणाचं लग्न अडलंय हे चार माणसांसमोर देवाला सांगितलं जातं आणि ती चार माणसं त्याला साथ देतात.

वाडीच्या टोकाला एका आजीचं दोन खोल्यांचं कौलारू घर आहे. त्या एकट्याच राहतात. पालखी तिथेही तशीच नाचली, तितकाच वेळ बसली. आजींनी ओटी भरली, पदराने रूपाचा चेहरा टिपला आणि म्हणाल्या, "दमलीस गो बाय?" मग वाटीतलं गूळपाणी खांदेकऱ्यांना देण्याआधी देवीच्या पुढे धरलं. मी पुष्कळ देवळं पाहिली आहेत. देवाकडे काही मागण्याआधी त्याला दमलास का विचारणारं कोणी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुपारनंतर खुणा काढायचा कार्यक्रम झाला. मोकळ्या जागेत नारळ पुरून ठेवतात आणि खांद्यावरच्या पालखीने तो शोधायचा. पालखी भरधाव जाते, अडते, गर्रकन फिरते, एका जागी दांडा खाली झुकतो. तिथे उकरतात. नारळ निघाला की जो गजर होतो तो छातीत घुमतो. मलाही थोडा वेळ खांदा देऊ दिला. दांडा खांद्यावर आला की आपण चालवतोय की चाललोय हे खरोखर सांगता येत नाही. मागचा ओढतो, पुढचा वळतो, पाय ढोलावर पडतात आणि आपला असा निर्णय उरत नाही. अंगात भिनणारी ही सामुदायिक लय म्हणा किंवा देवीची इच्छा म्हणा. गावकऱ्यांना या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत, आणि त्या दुपारी मलाही वाटल्या नाहीत.

रात्री खेळे, म्हणजे सोंगं घेऊन नाचणारी मंडळी, आले. काळे कपडे, उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरं असा संकासूर अंगणात उडी घेतो तेव्हा पोरं आईच्या मागे लपतात आणि पुन्हा डोकावतात. शंखासुराने वेद पळवले आणि विष्णूने मत्स्यावतार घेऊन त्याला मारलं, ही पुराणातली गोष्ट. इथे मात्र त्या असुरालाही शिमग्यात मान आहे. त्याच्यासोबत गोमू नाचते, म्हणजे साडी नेसलेला पुरुष. नमनात, म्हणजे खेळ्यांच्या नाच-गाण्याच्या नाट्यात, आधी गणपती, मग गौळण, मग वग. रात्र कधी सरली कळलं नाही.

सगळं गोडच आहे असं मी म्हणणार नाही. पालखी आधी कोणाकडे, मान कोणाचा, यावरून काही गावांत वाद पेटतात, प्रकरण पोलिसांपर्यंत जातं, पालखी बंदही राहते. जी देवी दोन खोल्यांच्या घरात तितकाच वेळ बसते, तिच्या नावाने असं व्हावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शिमगा पाहायला जायचं असेल तर कोणत्या गावात कधी पालखी हे ओळखीच्या माणसाला आधी विचारा. प्रत्येक गावाचं वेळापत्रक वेगळं असतं. ओळख नसेल तर रत्नागिरी शहरात जा. ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी तिथे पौर्णिमेच्या रात्री निघते, आणि गर्दीत नवखा माणूस सहज सामावतो. खळ्यात शिरताना चपला बाहेर काढा. रूपं लावताना फोटो काढायचा असेल तर गुरवांना विचारा, नाही म्हणाले तर मोबाइल खिशात ठेवा. जाताना एक नारळ न्या. कोणाच्याही दारात पालखी बसलेली असली, तरी तो ठेवायला तुम्हाला कोणी अडवणार नाही.