खांब बघ

डब्यात चढतानाच कळलं होतं, या खेपेला खिडकी आपल्याला मिळत नाही. माझी दहा वर्षांची लेक मला बाजूला सारून आत घुसली आणि काचेला नाक लावून बसली. रात्रभराचा प्रवास होता, उजाडता उजाडता उतरायचं होतं. बाबा असते तर त्यांनी तिला पाच मिनिटांत कामाला लावलं असतं.

बाबांबरोबर गाडीत नुसतं बसायची सोय नव्हती. मनगटावरचं घड्याळ काढून ते माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "मोज." मोजायचे ते चाकांचे ठोके. तेव्हा रुळांच्या तुकड्यांमध्ये फट असायची, उन्हात लोखंड वाढलं तर त्याला जागा हवी म्हणून. चाक त्या फटीवरून गेलं की खट्‌ वाजायचं. रूळ १३ मीटरचा. म्हणून ४७ सेकंदांत जितके ठोके, तितका गाडीचा ताशी किलोमीटरमधला वेग. हे गणित मला खूप उशिरा उलगडलं; तेव्हा ती जादूच वाटायची. आणि खरं सांगायचं तर कंटाळाही यायचा. तिशीच्या पुढे हमखास चुकायचे. बाबा रागवायचे नाहीत, नुसतं "पुन्हा" म्हणायचे. ते रागावण्यापेक्षा वाईट.

आता रूळ जोडून सलग केलेत. डबा बंद काचांचा. ठोके नाहीतच, मग लेकीला शिकवणार काय, असं वाटून मी गप्प बसले होते. तर तिनेच रुळाकडेच्या खांबांवरचे आकडे शोधून काढले. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. वरचा आकडा बदलला की ती मोबाइलवरचं घड्याळ चालू करायची, पुन्हा बदलला की बंद. एकदा ३८ सेकंद आले. ३६०० भागिले ३८, म्हणजे ९५च्या आसपास. मोबाइलमधलं ॲप ९४ दाखवत होतं. "ॲप चुकतंय," ती म्हणाली. अगदी आजोबांच्या आवाजात.

अंधार पडल्यावर चंद्र सोबतीला आला. जवळची झाडं सपासप मागे, लांबचे डोंगर रेंगाळत, आणि चंद्र आपल्याबरोबर. तो पावणेचार लाख किलोमीटरहून जास्त लांब आहे, आपण रात्रभर पळून पळून किती पळणार, हे तिला सांगेपर्यंत ती झोपलीसुद्धा.

मला झोप येईना. बाहेर एक मोठं स्टेशन गेलं आणि सात वर्षांची मी आठवले. बाबा पाण्याची बाटली भरायला फलाटावर उतरले होते. खिडकीतून पाहिलं तर आमची गाडी सुटलेली. मी असा काही भोंगा पसरला की सगळा डबा गोळा झाला. बाबा शांतपणे बाटली घेऊन आत आले. सुटली होती ती शेजारच्या रुळावरची गाडी. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला वेगातला बदल कळतो, तोही पुरेसा असेल तर. संथ सुरुवात त्याच्या लक्षात येत नाही, आणि मग मेंदू डोळ्यांवर विश्वास टाकतो. हे अर्थात पुढे वाचलेलं. बाबा एवढंच म्हणाले, "रडायच्या आधी फलाटावरचा खांब बघायचा. तो हलला तर रड."

नोकरीत माझ्याबरोबर लागलेल्या दोघांना एकाच महिन्यात बढती मिळाली, तेव्हा मी बाबांना फोनवर अर्धा तास ऐकवलं होतं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "खांब बघितलास?" मी चिडून फोन ठेवला. पण रात्री बघितला. काम कालचंच होतं, पगार कालचाच, माझं काहीही कमी झालेलं नव्हतं. मी मागे जात नव्हते, हे खरंच. मात्र त्याच खांबाकडे बघताना हेही दिसलं की मी तीन वर्षं पुढेही सरकलेले नाही. हे बाबा बोलले नव्हते. त्यांना ते ठाऊक होतं की नाही, हे विचारायचं राहूनच गेलं. चार महिन्यांनी मी ती नोकरी सोडली.

पहाटे गाडी एका स्टेशनवर थांबली ती हलेचना. शेजारी दुसरी गाडी उभी. लेक उठून बसली होती, मी विस्कटलेल्या चादरीची घडी घालत होते. तेवढ्यात खिडकीबाहेरचे डबे सरकायला लागले. "चला, सुटली एकदाची," मी म्हटलं, "बूट घाल, आता आलंच आपलं."

तिने बुटांकडे पाहिलंही नाही. पलीकडच्या खिडकीतून फलाटाकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, खांब."

हे मी तिला कधी सांगितलेलं नव्हतं.

शेजारच्या गाडीचा शेवटचा डबा निघून गेला. आम्ही आणखी वीस मिनिटं तिथेच होतो.